रामहरी दहिफळेंच्या वीस कुंड्या

रामहरी दहिफळे सातवी शिकलेले होते आणि आमच्या केंद्रात बुरशी जिवंत ठेवायचं काम करायचे. चोवीस वर्षं त्यांनी ते केलं, तेही रोजंदारीवर.

केंद्र घोडेगावच्या पुढे, एका खासगी संस्थेचं. पिकांवरच्या रोगांचा अभ्यास करणारं. रामहरी मूळचे पाथर्डी तालुक्यातले, खरवंडीच्या पुढचे. तरुणपणी ऊसतोडीला यायचे. एका हंगामात केंद्राशेजारीच टोळीचा तळ पडला होता, तिथून त्यांना चर खणायला बोलावलं, आणि मग ते टोळीत परत गेलेच नाहीत. आधी खणणं, मग काचेची भांडी धुणं, मग एक दिवस कुणीतरी त्यांच्या हातात सुई आणि स्पिरिटचा दिवा दिला.

मी २०१७ साली पीएच.डी.साठी तिथे गेले तेव्हा बुरश्यांच्या सगळ्या काचेच्या नळ्या त्यांच्याच ताब्यात होत्या. बटाटे उकडायचे, पाणी गाळायचं, त्यात साखर आणि घट्ट करणारं अगर घालून वाफेवर निर्जंतुक करायचं, नळ्यांत ओतून नळ्या तिरक्या ठेवायच्या. आतला थर घट्ट झाला की जुन्या नळीतली बुरशी सुईच्या टोकानं उचलून नव्या नळीत लावायची. एवढंच काम. पण दर दोन-तीन महिन्यांनी, न चुकता, नाहीतर बुरशी मरते. आमच्या विभागातले तीन प्रमुख बदलले, चार फ्रिज भंगारात गेले. बुरश्या मात्र टिकल्या, कारण रामहरीमामा होते. मी त्यांना मामा म्हणायचे, ते मला ताई.

त्यांतली सगळ्यात जुनी नळी हरभऱ्याच्या मर रोगाची. मर म्हणजे उभं झाड आठ दिवसांत सुकून जातं. बुरशी मातीतून मुळात शिरते, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांमध्ये वाढते आणि झाड तहानेनं मरतं. ही बुरशी मामांच्याच घरच्या रानातली होती. २००४ साली त्यांनी आणि त्यांचे थोरले भाऊ गहिनीनाथ यांनी मेलेली झाडं उपटली, मामांनी त्यातलं एक पिशवीत घालून एसटीनं केंद्रात आणलं. त्या एका झाडापासून काढलेल्या बुरशीवर तोवर सात जणांनी पीएच.डी. केली होती. मी आठवी.

या बुरशीसाठी मामांची एक जादा पद्धत होती, पुस्तकात असलेली पण आळसानं कुणी न पाळलेली. वर्षातून दोनदा ते कुंडीत हरभरा लावायचे, मातीत ही बुरशी मिसळायचे, झाड मरू द्यायचे आणि मेलेल्या खोडातून बुरशी परत काढून नळीत भरायचे.

"कशाला एवढा खटाटोप, मामा?" मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"नळीत आयतं खाऊन खाऊन मऊ पडती ताई. झाड मारायचंच इसरती. मधी मधी झाडात घालून काढावी लागती."

माझा विषय होता एक एन्झाइम. आयसोसायट्रेट लायेज. नाव लांबलचक, काम सरळ. बुरशीचा बीजकण मातीत पडलेला असतो तेव्हा त्याच्याजवळ थोडी चरबी साठवलेली असते. साखर मिळेपर्यंत त्या चरबीवर भागवायचं, तर चरबीचं रूपांतर करणारी यंत्रणा लागते, आणि या यंत्रणेतला महत्त्वाचा टप्पा म्हणजे लायेज. आमचे विभागप्रमुख डॉ. सातपुते यांचं म्हणणं असं, की लायेज बंद पाडलं की बुरशी मुळापर्यंत पोचायच्या आत उपाशी मरेल, म्हणजे मर रोगच थांबेल. ते सिद्ध करायचं काम माझ्याकडे आलं.

बुरशीतून लायेजचा जीन काढायला मला सव्वा वर्ष लागलं. नवी बुरशी साखरेच्या प्लेटवर छान वाढायची. साखरेऐवजी ॲसिटेट, म्हणजे चरबी मोडल्यावर मिळणारा पदार्थ, घातलेल्या प्लेटवर मात्र तिचा ठिपकाही उमटायचा नाही. म्हणजे लायेज खरंच गेलं होतं. पुढे दोन वर्षं मी तिच्या मोजमापांत घालवली. तिच्याबरोबर जुनी बुरशीही मी तशीच एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर नेत राहिले, वाढीची तुलना करायला. मग शेवटची, सगळ्यात मोलाची चाचणी: हरभऱ्याचं झाड मारते का? जीन काढलेली बुरशी मी माझ्या प्लेटवरून घेतली. तुलनेसाठीची जुनी बुरशी मात्र घेतली मामांच्या ताज्या नळीतून, कारण मला हमखास मारणारी बुरशी हवी होती.

जुन्या बुरशीनं तीसपैकी एकोणतीस झाडं मारली. माझ्या बुरशीनं तीन. सातपुते सरांनी विभागात पेढे वाटले. पाच महिन्यांत लेख छापून आला.

पेढा हातात धरून मामा माझ्या टेबलाशी आले.

"ताई, एक इचारू का? रागावनार न्हाई ना?"

"विचारा की."

"तुमची ही बुरशी दोन वरसं नुसती पलेटीवरच हाय. एकदा बी झाडात गेल्ती का?"

"नाही. मग?"

"मग ती कशी मारंल झाड? आपली जुनी बी तेवढ्या येळा पलेटीवर फिरवली तर न्हाई मारायची. तुमच्या लायेजचा त्यात काय संबंध?"

मी हसले. एन्झाइम काय असतं, जीन काय असतो ते त्यांना समजावून सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतलं, "व्हय व्हय" म्हणाले आणि पेढा रुमालात बांधून घेऊन गेले. मला मनातून राग आला होता. त्या रागाचं कारण मला तेव्हाही माहीत होतं.

नंतर पाच-सहा महिन्यांनी एका दुपारी त्यांनी मला काचघराच्या मागच्या बाजूला नेलं. शेडनेटच्या सावलीत वीस कुंड्या होत्या, दहादहाच्या दोन रांगा. पहिल्या रांगेत हरभरा हिरवागार उभा होता, दोनच झाडं वाळलेली. दुसऱ्या रांगेत आठ वाळलेली.

"ही पहिली रांग, आपली जुनी बुरशी. पण नळीतली न्हाई, तुमच्या पलेटीवरची. तुमी टाकून द्यायला ठिवलेल्या पलेटांतनं घेतली मी. हिच्यात लायेज हाय ना?"

"आहे."

"दोनच मारली. आन् ही दुसरी रांग, तुमची जीन काढलेली. झाडातनं तीनदा काढली मी. पहिल्या खेपंला एकच झाड आजारी पडलं, त्यातनं घेतली, परत घातली, परत घेतली. आता आठ मारली."

मला पटेना. दुसऱ्या रांगेतल्या खोडांचे तुकडे मी स्वतः कापले, त्यांतून बुरशी वाढवली, ती ॲसिटेटच्या प्लेटवर लावली. चार दिवस प्लेट कोरी राहिली. म्हणजे बुरशी माझीच होती, तिच्यात लायेज नव्हतंच, आणि तरी तिनं दहापैकी आठ झाडं मारली होती.

कारणही मग उघड दिसत होतं. हरभऱ्याचं मूळ आपल्याभोवतीच्या मातीत थोडीफार साखर सोडत असतं. बीजकणाला ती आयती मिळते. चरबीवर दिवस काढायची वेळ त्याच्यावर येतच नाही. लायेज असो नसो. फरक पाडला होता तो माझ्या प्लेटांवरच्या दोन वर्षांच्या आयत्या खाण्यानं. मी एन्झाइमचा म्हणून जो गुण छापला, तो माझ्या आळसाचा होता.

मी सातपुते सरांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"वीस कुंड्या," ते म्हणाले. "एका रोजंदारीच्या माणसानं मांडलेल्या. नोंद नाही, परवानगी नाही. याला प्रयोग म्हणतात?"

"सर, मग मी रीतसर परत करते. सहा महिने द्या."

"लेख छापून आलाय, निकिता. औषधासाठी एका कंपनीशी बोलणी झालीत. तू प्रबंध कधी देतेस ते सांग."

मी "दिवाळीनंतर" म्हणाले आणि बाहेर आले. खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. मी सांगायचं ते सांगितलं होतं, ऐकलं नाही ते सरांनी, असा हिशेब मी मनाशी केला.

कंपनीनं लायेज बंद पाडणारी एक पावडर तयार केली होती, पेरणीआधी बियाण्याला चोळायची. प्लेटवर ती उत्तम चालायची. आता शेतावर दाखवायची होती. सरांनी गाव निवडलं ते मामांचं. बुरशी तिथलीच आणि आपला माणूसही तिथलाच, लोक विश्वास ठेवतील, असं त्यांचं म्हणणं. मामा त्यांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाले, "सर, माझ्या गावात नका. हे चालनार न्हाई." सर म्हणाले, "रामहरी, तू नळ्या बघ."

ऑक्टोबर २०२१ मध्ये, पेरणीच्या तोंडावर शाळेच्या व्हरांड्यात सभा झाली. साठ-सत्तर माणसं आली असतील. सरांनी भाषण केलं, मी आलेख दाखवले. गहिनीनाथ पुढच्याच रांगेत बसले होते, धाकट्या भावाकडे कौतुकानं पाहत. भाऊ लॅबमध्ये आहे याचा त्यांना केवढा अभिमान होता हे मला मामांकडूनच कळलं होतं. सरपंच उठले आणि म्हणाले, "औषध चांगलं असंल. पर आमचा मानूस काय म्हनतुय? रामहरी, तू टाकशील का घरच्या रानात?"

मामा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या कागदांची चवड सरळ करत राहिले.

"मी न्हाई टाकनार," ते म्हणाले. "मी सोता कुंड्या लावून बघितलंय. त्यो एन्झाइम नसला तरी बुरशी झाड मारती. औषधाच्या भरवशावर ऱ्हाऊ नका. दुसरं कायतरी पेरा, न्हाईतर जुनं औषध लावा."

व्हरांड्यात कुजबुज सुरू झाली. सर हसले. "रामहरी आमचा जुना माणूस आहे. नळ्या छान सांभाळतो. पण संशोधन या मॅडमनी केलंय. निकिता, तूच सांग. चाचणी कुणी केली आणि निकाल काय आला?"

मी उभी राहिले. माझा प्रबंध छापायला गेला होता. "चाचणी मी केली," मी म्हणाले. "तीसपैकी सत्तावीस झाडं वाचली. निकाल पक्के आहेत."

मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडमपेक्षा ह्याला जास्त कळतंय व्हय!" आणि लोक हसले. गहिनीनाथ हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली. मग सगळ्यांच्या आधी उठून त्यांनीच पावडरीची पुडी घेतली. भावानं भर सभेत घालवलेली अब्रू जणू त्यांना तिथल्या तिथे भरून काढायची होती.

चाळीस जणांनी ती पावडर लावून हरभरा पेरला. नेहमीचं औषध लावायचं नाही अशी अट होती, चाचणी स्वच्छ व्हावी म्हणून. जानेवारीत झाडं फुलांवर आली आणि मरायला लागली. मी पाहणीला गेले तेव्हा गहिनीनाथांच्या रानात बांधापासून विहिरीपर्यंत पिवळे पट्टे पडले होते. कुणी मला वाईट बोललं नाही. चहा दिला.

लोक बोलले ते रामहरींना. सभेत हसं झालं त्याचा राग धरून त्यानंच लॅबमधली बुरशी आणून रानात सोडली, अशी बोलवा उठली. त्याला आधीच कसं ठाऊक होतं, असं एकमेकांना विचारू लागले. बुरशी त्या मातीत निदान अठरा वर्षांपासून होती, तिथूनच ती लॅबमध्ये गेली होती, हे कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. गहिनीनाथांच्याही नाही. ते मामांना म्हणाले, "सख्ख्या भावाचं रान तरी सोडायचं हुतंस." त्यानंतर त्यांनी बोलणं तोडलं.

ही बोलवा केंद्राच्या पथ्यावर पडली. कंपनीला काहीतरी उत्तर द्यायचं होतंच. चौकशी बसली. प्रश्न एकच विचारला गेला: सदर कर्मचाऱ्यानं परवानगीशिवाय, टाकाऊ प्लेटांतून रोगकारक बुरशी घेऊन काचघराबाहेर वाढवली होती काय? मला लेखी निवेदन द्यायला सांगितलं. मी लिहिलं: 'सदर कर्मचाऱ्याने मांडलेल्या वीस कुंड्या मी स्वतः पाहिल्या आहेत.' खाली सही केली. त्या कुंड्यांत काय दिसलं हे कुणी विचारलं नाही आणि मी लिहिलं नाही.

मामांना काढलं. रोजंदारीचाच माणूस, उद्यापासून येऊ नको म्हटलं की संपलं. शेवटच्या दिवशी त्यांनी मला सगळ्या नळ्या एकेक करून दाखवल्या. कुठली कधी बदलायची, कुठल्या नळीला कापूस घट्ट लावायचा. मर रोगाच्या नळीशी आल्यावर म्हणाले, "हिला थंडीत झाडातनं काढा. इसरू नका."

"मामा, मी त्या निवेदनात..."

"वाचलंय मी. खरंच लिव्हलंय की. कुंड्या हुत्याच." त्यांनी फ्रिजचं दार लावलं. हात धुतले, टॉवेलला पुसले आणि टॉवेल खुंटीवर ठेवायच्या ऐवजी पिशवीत घातला. तो त्यांचा घरचा होता.

मला पीएच.डी. मिळाली. पुढच्या वर्षी अहिल्यानगरच्या एका महाविद्यालयात नोकरी लागली. मर रोगाची बुरशी पुन्हा कुणी झाडातून काढली नाही. पुढे ती वाळून गेली असं ऐकलं.

२०२४ च्या पावसाळ्यात दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेचा लेख आला. हरभऱ्याच्या मर रोगात लायेजची गरज नाही, असा. माझ्या लेखाचा त्यात उल्लेख होता, चुकीचं उदाहरण म्हणून. पद्धतीच्या भागात एक वाक्य होतं: चाचणीपूर्वी दोन्ही बुरश्या तीन वेळा झाडातून काढून घेतल्या. दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत मी ते वाक्य वाचलं आणि पुढचा तास घेतला नाही.

डिसेंबरात मी मामांना शोधलं. त्यांचा फोन बंद होता. त्यांच्या बायकोचा, भागूबाईंचा नंबर मिळाला. ती दोघं शेवगावकडे एका कारखान्याच्या तळावर होती. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी पुन्हा कोयता घेतला होता. मी गेले तेव्हा दुपार होती, कोपीबाहेर, पाचटाच्या झोपडीपुढे, ते कोयत्याला धार लावत होते. डाव्या हाताची दोन बोटं चिंधीनं बांधलेली. सुईच्या टोकानं बुरशी उचलणारा तोच हात.

मी लेखाबद्दल सांगितलं. तुम्ही बरोबर होता, आता छापून आलंय, असं म्हणाले. माझं चुकलं, असंही म्हणाले. भागूबाई चुलीपाशी होत्या, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"छापून आलं व्हय," मामा म्हणाले. थोडा वेळ धार लावत राहिले. "त्यांनी बी झाडातनंच काढली ना? मंग बरुबर." आणि मग माझ्याकडे न बघता, "एक काम करा ताई. हे गहिनीनाथला सांगा. माझं न्हाई ऐकत त्यो. तुमचं ऐकंल. तवा बी ऐकलंच हुतं."

मी दुसऱ्याच रविवारी गावी गेले. गहिनीनाथांनी खाटेवर बसायला सांगितलं. मी सगळं सांगितलं, कुंड्या, प्लेटा, सभेत मी काय लपवलं ते, सगळं.

"म्हंजी तवा तुमी खोटं बोलला."

"हो."

"आन् आता खरं."

"हो."

"मला कसं कळावं म्याडम? तवा बी तुमीच हुता, आता बी तुमीच." त्यांनी घसा साफ केला. "लिहून देता का? सहीनिशी. म्हंजी चार लोकांत वाचता येईल."

मी पिशवीतला पेन चाचपला, पण बाहेर काढला नाही. प्राचार्य डोळ्यांपुढे आले, नोकरीचं काय होईल ते आलं. त्यांनी ते पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या," असं म्हणून ते उठले आणि गोठ्याकडे गेले.

कागद मी लिहिला, पण अकरा दिवसांनी. सगळं नाव-गाव-तारखेनिशी लिहून एक प्रत गावी पाठवली, एक केंद्राला, एक माझा लेख छापणाऱ्या मासिकाला. केंद्राचं उत्तर आलं: प्रकल्प बंद झाला असून जुनी प्रकरणं उघडण्याची तरतूद नाही. मासिकानं माझ्या लेखाखाली दुरुस्तीची टीप छापली. प्राचार्यांनी बोलावून विचारलं, "हे सगळं आत्ताच का सुचलं?" त्यांनी माझ्याकडचे संशोधनाचे विद्यार्थी काढून घेतले. गावात जानेवारीच्या ग्रामसभेत कागद वाचला गेला, गहिनीनाथांनी स्वतः वाचला, असं कळलं.

मला वाटलं, निदान तेवढं तरी झालं.

मार्चअखेर ऊसतोड संपली आणि मामा गावी परतले. मी आठ दिवस थांबून भागूबाईंना फोन केला, चौकशी करायला. त्या पहिल्यांदाच माझ्याशी चार वाक्यं सलग बोलल्या.

"थोरल्या भावजींनी सांगावा धाडला हुता, जेवायला या म्हनून. दोनदा धाडला. तिसऱ्यांदा सोता दारात आले, टोपी काढून हुबं ऱ्हायले."

"मग? गेले मामा?"

"न्हाई गेले. आतनं उठले सुदिक न्हाईत. म्हनले, सख्खा भाऊ भर सभेत सांगत हुता तवा पटलं न्हाई, आन् आता कागद आला तवा भाऊ झालो व्हय."

पलीकडून भांड्यांचा आवाज आला. "ठिवते," भागूबाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.